न लावलेला पाना

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणतात. कॉलेजच्या प्राचार्यांपासून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत मी कोणाला सोडत नाही, आणि मनात आलं ते ओठांवर यायला मला वेळ लागत नाही. बायको म्हणते, तुमच्या पोटात काही राहतच नाही. तिला ठाऊक नव्हतं की एक गोष्ट माझ्या पोटात दोन वर्षं राहिली, आणि ती तिथे ठेवायला मला फार काही करावंही लागलं नाही. दवाखान्यातल्या एका खाटेशेजारी उभं राहून एकदा मान हलवली, एवढंच.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा मित्र. बोरगाव मेघेत आमच्या मागच्या गल्लीत राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. मी एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरीला. चाळिशी उलटल्यावर दोघांनाही लांब फिरण्याचं खूळ लागलं आणि दोघांनीही जुन्या पण दणकट मोटरसायकली घेतल्या. पुढे मोठी टाकी, मागे कॅरिअर, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. सुट्या लागल्या की निघायचो. पचमढी झालं, बस्तर झालं, एकदा कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलो. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणायच्या की लेकरं मोठी झाली आणि बाप लहान झाले.

गाड्यांची बारीकसारीक दुरुस्ती आम्ही घरीच करायचो. मोठं काम असलं तर नागपूरला न्यावं लागे, पण ऑइल बदलणं, चेन साफ करणं, क्लचची केबल, ब्रेकचे पॅड यांसाठी कोण अख्खा दिवस घालवणार? शिवाय परक्या रस्त्यावर गाडी बंद पडली की आपलेच हात कामी येतात, हे दोन-चारदा अनुभवलं होतं. त्याच्या घराच्या बाजूला टिनाचं शेड होतं. रविवारी सकाळी तिथे जुनी चटई टाकून बसायचो. त्याचं काम संथ. एकेक पिन तो जुन्या टूथब्रशनं घासत बसायचा. मी घायकुतीला यायचो. मात्र त्याचा हात जड होता. एकदा ऑइलचा बोल्ट त्यानं इतका आवळला की आतले आटेच गेले, आणि ते मी त्याला कधी विसरू दिलं नाही. चारचौघांत म्हणायचो, याच्या हाती पाना नका देऊ, पहार द्या. तोही हसायचा. मला वाटायचं, त्याला काही वाटत नाही.

एकदा छिंदवाड्याच्या पुढे माझ्या मागच्या चाकाचा नट चालत्या गाडीत सैल झाला. थोडक्यात वाचलो. त्या रात्रभर दोघांनाही झोप नव्हती, आणि घरी आल्यावर आम्ही एक नियम केला. एकानं बोल्ट आवळायचा. दुसऱ्यानं त्यावर पाना लावून घट्ट आहे की नाही ते पाहायचं, आणि मगच बोल्टवरून खालच्या भागावर नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढायची. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते, हा एक फायदा. पण खरा फायदा असा की रेघ दिसली म्हणजे दोन माणसांचे हात त्यावरून गेले आहेत. आवळणाऱ्यानं स्वतः रेघ ओढायची नाही, हे पक्कं होतं. बाटली वहिनींची. त्या कुरकुरल्या, मग त्यांनी ती आम्हालाच देऊन टाकली.

त्या रविवारी त्याच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड बदलायचे होते. पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा जो भाग असतो, कॅलिपर, तो दोन बोल्टांवर बसलेला असतो. एक वर, एक खाली. ते काढायचे, पॅड बदलायचे, पुन्हा आवळायचे. अर्ध्या तासाचं काम. त्यानं दीड तास लावला. मला हिंगणघाटला लग्नाला पोचायचं होतं, बायकोचे तीन फोन येऊन गेले होते आणि माझं डोकं तापलं होतं. त्यानं वरचा बोल्ट पान्यानं आवळला. खालचा बोटांनी फिरवत आत घातला. तेवढ्यात वहिनींनी आतून हाक मारली. तळेगावहून त्याच्या बहिणीचा फोन होता. एक मिनिट थांब म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

मी एक मिनिट थांबलो नाही. मी नेलपॉलिशची बाटली उघडली आणि दोन्ही बोल्टांवर रेघा ओढल्या. पाना माझ्या गुडघ्याशी पडला होता. तो उचलून दोनदा लावायला किती वेळ लागला असता? मला वाटलं, हा इतका आवळतो की पाहायची काय गरज आहे. हे मी मनात अगदी या शब्दांत म्हटलं, मला चांगलं आठवतं; खालचा नुसता बोटांनी घातला आहे, हे घाईत ध्यानातच आलं नाही. मग हात धुतले, खिडकीतूनच त्याला जातो म्हणून सांगितलं आणि निघालो.

तो बाहेर आला तेव्हा दोन्ही बोल्टांवर रेघा होत्या. रेघ आहे म्हणजे पाना लागला आहे. आपण खालचा आवळला होता की नाही, हा विचारसुद्धा त्याच्या मनात आला नसणार, कारण तसा विचार करायला लागू नये म्हणूनच तो नियम होता. त्यानं सामान आवरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीकडे जायला तळेगावच्या रस्त्याला लागला. आर्वीच्या पुढे समोर ट्रॅक्टर वळला, त्यानं ब्रेक दाबला. खालचा बोल्ट तोवर कुठेतरी गळून पडला होता. कॅलिपर वरच्या एकाच बोल्टावर फिरला आणि चाकात अडकला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडीसकट तो रस्त्याकडेच्या दगडांवर गेला. उजवा पाय गुडघ्याच्या खाली चेंदला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो काढला.

गाडी टेम्पोत घालून मीच आणली. शेडमध्ये उतरवताना खालच्या बोल्टाची मोकळी जागा दिसली. तिथे उभ्या उभ्या मला सगळं समजलं. तरीही दवाखान्यात जाईपर्यंत मी मनाशी घोकत होतो की सांगायचं, आजच सांगायचं. तो पडून होता, चेहरा पांढराफटक. त्यानं काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, खालचा बोल्ट नाही जागेवर. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"तुनं पाना लावून पाह्यलता," तो म्हणाला. "रेघ होती, म्या पाह्यली. म्हणजे बोल्ट सैल नोता. मंग म्याच जास्त आवळला असन. आटे गेले असन, अन् चालता चालता निसटला. माहाच हात जड, बावा."

वहिनी पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो अशी मान हलवली. तेव्हा स्वतःला सांगितलं की आजारी माणसाशी वाद कशाला, बरा झाला की सांगू. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

आठवड्यानं मी एकटाच शेडमध्ये गेलो. मनात वेडी आशा होती की आटे खरंच गेलेले असतील. नवा बोल्ट आणला होता. तो त्या भोकात धरला आणि दोन बोटांनी फिरवला. सरळ आत गेला, शेवटपर्यंत. कुठे अडकला नाही की डगमगला नाही. आटे नव्यासारखे होते. मी बोल्ट काढून खिशात घातला आणि शेडला कुलूप लावून किल्ली वहिनींना दिली. त्या म्हणाल्या, यांच्या धसमुसळ्या हातानंच यांचा घात केला, भाऊजी. मी त्यांच्या हातचा चहा घेतला आणि मूग गिळून घरी आलो.

नकली पाय बसला, सहा महिन्यांनी तो शाळेत जायला लागला. लोक म्हणाले, मास्तर हिमतीचा. होताच. पाय गेल्याचं त्यानं फार मनाला लावून घेतलं नाही. पण त्यानं हात लावणं सोडलं. घरातला नळ ठिबकला तर मला बोलावणं यायचं. सिलिंडर बदलायचा असला की वहिनी दारात थांबून माझी वाट पाहायच्या. शाळेतला पंखा पूर्वी तोच दुरुस्त करायचा. आता बाहेरचा माणूस येईपर्यंत वर्ग उकाड्यात बसायचा. बहीण तळेगावहून नातू घेऊन आली तेव्हा त्यानं तान्ह्याला उचललं नाही, लांबूनच खुळखुळा वाजवला. माझ्या देखतच बहिणीला म्हणाला, माह्या हाताचा काई भरवसा नाई.

त्याच्या नकली पायात घोट्याच्या वर एक बारका स्क्रू होता. तो महिन्या दोन महिन्यांनी सैल व्हायचा, मग पाऊल किंचित बाहेर फिरायचं. छोटी एल-की घेऊन अर्धा फेरा दिला की काम झालं. ती एल-की त्याला पायासोबतच मिळाली होती. पण तो स्वतः लावत नसे. मला निरोप यायचा. मी त्याच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसायचो, ते पाऊल मांडीवर घ्यायचो आणि स्क्रू आवळायचो. दर वेळी तो म्हणायचा, तुह्या हातावर भरवसा हाय. दर वेळी मी म्हणायचो, वहिनीला चहा सांग.

अशी दोन वर्षं गेली. मग मागच्या हिवाळ्यात त्यानं गाडी विकायची ठरवली. हिंगणघाटचा एक जण घेणार होता. तोही लांब फिरणारा, स्वतःच्या हातानं काम करणारा. रविवारी गाडी पाहायला येतो म्हणाला. मित्रानं मला बजावून सांगितलं की त्या माणसाला आल्या आल्या सांगायचं, पुढच्या ब्रेकचे आटे गेले आहेत, ते नवे करून घे, तोवर चालवू नको. आपल्यासारखं त्याचं होऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

घेणारा माणूस जाणता. आटे गेले म्हटल्यावर तो बोट घालून पाहणार, बोल्ट फिरवून पाहणार, आणि सगळ्यांसमोर म्हणणार की यांना काहीच झालेलं नाही.

मग मी जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. शनिवारी त्याची शाळा सकाळची. गाडी धुऊन ठेवतो म्हणून मी वहिनींकडून शेडची किल्ली घेतली. खिशात एक बोल्ट होता, जाडीला तोच, पण आटे वेगळे. असा बोल्ट जोर लावून घुसवला की आतले आटे कापले जातात. मी तो भोकात धरला, पाऊण फेरा फिरला आणि अडकला. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला म्हणजे जोर जास्त मिळतो. मी पाइप चढवला. आता फक्त एक दाब द्यायचा होता. तो दिला की त्याचा हात कायमचा जड ठरला असता, आणि मी सुटलो असतो.

तेवढ्यात वहिनी जुनं फडकं घेऊन आल्या. म्हणाल्या, गाडी पुसायला हे घ्या. जाता जाता म्हणाल्या की भाऊजी, तुम्ही नसता तं यांचं कसं झालं असतं. त्या आत गेल्या. मी पाइप हातात धरून तिथेच बसलो. मग बोल्ट उलटा फिरवून काढला, आणि मित्राची वाट पाहत शेडमध्येच थांबलो. मी काही फार शहाणपणानं थांबलो, असं नाही. त्या वाक्यानंतर माझ्या हातात जोरच राहिला नाही, इतकंच खरं.

तो दुपारी आला. गाडी धुतलेली नाही हे पाहून हसला, म्हणाला, तू बी माह्यासारखा सुस्त झाला का. मी त्याला मोडक्या स्टुलावर बसवलं आणि सांगून टाकलं. रेघ ओढली, पाना लावला नव्हता. आटे गेले नाहीत. तू खालचा बोल्ट आवळायच्या आधीच आत गेला होतास, आणि माझ्या रेघेनं तुला फसवलं.

त्यानं हात पुढे केला. दोन वर्षं मी खिशात वागवलेला तो चांगला बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला. तो गाडीजवळ सरकला, नकली पाय बाजूला लांब करून जमिनीवर बसला आणि बोल्ट भोकाला लावून बोटांनी फिरवायला लागला. सुरुवातीला जरा अडला, मग सरळ आत गेला. त्यानं तो काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा त्यानं भोकाच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि खाली वाकून पाहिलं. त्याची नजर पूर्वीसारखीच बारीक होती.

"इथं नवा ओरखडा हाय," तो म्हणाला. "धातू चमकून राह्यला. हे कोनं केलं?"

तेही सांगावं लागलं. पाइप अजून माझ्या मागेच पडला होता. त्यानं तो पाहिला.

माझी अपेक्षा होती की तो ओरडेल. मी त्याच्या जागी असतो तर गल्ली गोळा केली असती. त्यानं कॅलिपर उचलून जागेवर बसवला, बोल्ट आत घातला, बारा नंबरचा पाना मागितला आणि आवळला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं काहीतरी आवळलं. पाना बोल्टावर तसाच ठेवून तो मागे सरला.

"आता पाह्य," तो म्हणाला.

मी पाना धरला. जोर लावला. बोल्ट जितका घट्ट हवा तितकाच होता.

"जास्त आवळला का म्या?"

"नाई."

"नीट पाह्य. हात जड हाय का माहा?"

"नाई," मी म्हटलं. "बरोबर हाय."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं रडतो आहे, पण तो रडत नव्हता. माझेच डोळे भरून आले होते आणि मला त्याची चीड येत होती, कारण रडायचा मला काही हक्क नव्हता.

"पायाचं म्या काई म्हनत नाई," तो म्हणाला. "घाईत होतं मानसाकडून. पन तू माह्यासमोर बसून माह्या पायाचा स्क्रू आवळत होता. म्या त्या लेकराले उचललं नाई, ते तुले दिसत होतं ना?"

दिसत होतं, मी म्हणालो.

शेडमध्ये ऊन आलं होतं. माफी मागावी असं मनात आलं, शब्दही तयार होते, पण ते त्याच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते. म्हणून गप्प बसलो. आयुष्यात एकदा गप्प बसणं बरोबर होतं, ते तेव्हा.

वहिनी चहाचे दोन कप घेऊन आल्या. आम्हाला दोघांना गाडीशी बसलेलं पाहून त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी एक कप त्याला दिला. दुसरा माझ्यापुढे धरला तेव्हा त्यानं हात आडवा केला.

"हा वापस ने," तो म्हणाला. "त्याले नको देऊ."

"काऊन?" वहिनींनी विचारलं. त्यांना वाटलं थट्टा चालली आहे.

"त्यालेच विचार."

वहिनी कप हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी उभा राहिलो आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागलो.